सांभाळायला दिलेली बॅग

"बॅग मांडीवर घेऊनच जेवणार का, जावईबापू?" मावशीनं विचारलं आणि मी तोंडाला पदर लावून हसले.

खरंच बॅग मांडीवर होती. पाट मांडलेला, ताटाभोवती रांगोळी, शेजारी उदबत्ती, पुरणपोळीवरून तूप ओघळतंय, आणि आमचे हे डाव्या हातानं कॅमेऱ्याची बॅग पोटाशी धरून बसलेले. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. जावई पहिल्यांदाच उंबऱ्यात आला होता आणि मावशीला त्याच्यासाठी काय करू नि काय नको असं झालं होतं.

"सवय आहे हो, मावशी," हे म्हणाले. "खाली ठेवली की मुंग्या, वर ठेवली की धूळ."

"मुंग्या कुटनं येत्याल? सकाळीच सारवलंय मी."

"सारवलंय म्हणूनच म्हणतो. ओल असते ना. ओलीनं लेन्सला बुरशी धरते."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. लेन्स म्हणजे काय ते तिला कळलं नव्हतं, पण बुरशी कळली होती. लोणच्याला धरते तीच. तिनं गंभीर होऊन मान हलवली आणि आणखी एक पोळी वाढली.

या बॅगेचीही एक गंमतच आहे. ह्यांचं नाव दिग्विजय, पण मावशीपुढं मी 'हे' म्हणायची आणि तेच तोंडात बसलं ते बसलं. हे पुण्यात एका कंपनीत नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. नाद म्हणजे असा की साखरपुड्यात अंगठी घालून झाल्याबरोबर हे खंड्याचा फोटो काढायला विहिरीकडे गेले होते. लग्न झाल्यावर लोक महाबळेश्वरला जातात, निदान सिनेमाला तरी जातात. आम्ही बॅगा बघत हिंडलो. नवी लेन्स एवढी दांडगी की ती जुन्या बॅगेत मावेना. हे प्रत्येक बॅग खांद्याला अडकवून दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारायचे, चेन उघडझाप करून बघायचे, आतल्या गादीत अंगठा रुतवायचे, पट्ट्याला लोंबकळायचंच काय ते बाकी राहायचं. मुलगी बघितलीत तेव्हा मला एवढं निरखलं नव्हतंत, असं मी एकदा म्हटलंसुद्धा.

शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं, "साहेब, प्रवासात फिरायचं तर कॅमेऱ्याची बॅग कॅमेऱ्याची दिसता कामा नये. झगमग बॅग म्हणजे चोराला आवतण." ते ह्यांना एकदम पटलं. मग घेतली ती मातकट रंगाची, एखाद्या मास्तरांच्या पिशवीसारखी. आत मात्र थाट होता. लेन्सला वेगळा कप्पा, बॅटऱ्यांना वेगळा, पावसासाठी घडी घातलेलं वेष्टण आणि ओल शोषून घ्यायच्या पांढऱ्या पुड्या. एसटीत ती बॅग वरच्या फळीवर गेली नाही की पायाशी ठेवली नाही. पुण्यापासून भिगवणपर्यंत ती ह्यांच्या मांडीवर होती, आणि पट्टा मनगटाला गुंडाळलेला.

माझे आईवडील मी शाळेत जायच्या आधीच गेले. तान्हामावशीनं मला वाढवलं. तिचं गाव भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याकाठी. जुनं गाव धरणात बुडालं, हे नंतर वसवलेलं, पत्र्याच्या घरांचं. घरात मावशी आणि तिचा मुलगा बबनदादा. दादा मासे धरायचा आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की शहरातून येणाऱ्या लोकांना होडीतून फिरवायचा. माझं माहेर म्हणजे एवढंच. म्हणून ह्यांना ते आवडावं असं मला फार वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला धाकधूकही होती. बाहेरचा संडास, पत्रा, दादाचं ते मोठमोठ्यानं बोलणं. ह्या घरापायी माझी मान खाली जाऊ नये, एवढंच मी देवाकडे मागत होते.

सकाळ तर झकास गेली होती. दादानं आम्हाला होडीतून पार आत नेलं. पक्षी उथळ पाण्यात उभे होते, माना खाली घालून. हे फोटो काढण्यात गुंग. दादानं वल्हं पाण्याला लागू न देता होडी नुसती वाऱ्यावर सरकू दिली, आवाज होऊ नये म्हणून.

"दाजी, किती पडत्यात हो ह्या कॅमेऱ्याचं?" त्यानं हळूच विचारलं.

"बरेच पडतात," हे म्हणाले आणि बॅगेची चेन लावून घेतली.

परत आल्यावर काठावर चिखल होता. दादा आधी उतरला आणि त्यानं हात पुढं केला. "बॅग द्या, दाजी. पाय घसरंल."

"नको, नको. असू दे माझ्याकडेच."

"म्हंजी दाजी पडलं तरी चालंल, बॅग पडाय नको," दादा म्हणाला आणि आम्ही तिघंही हसलो.

तर जेवण झालं. चार पोळ्या, कटाची आमटी, वर मसाल्याचं दूध. ह्यांचे डोळे मिटायला लागले. दादा जेवून केव्हाच जाळी बघायला गेला होता. मावशीनं सोप्यात सतरंजी अंथरली. शेवटी ह्यांनी बॅग मांडीवरून उचलली.

"मावशी, जरा आडवा होतो. ही तेवढी सांभाळाल? पाणी नको, धूळ नको, ऊन नको. लाखाची वस्तू आहे आत."

मावशीनं दोन्ही हात पदराला पुसले आणि बाळंतिणीकडून मूल घ्यावं तशी बॅग घेतली. "निवांत पडा, जावईबापू. जिवापाड सांभाळती."

मीही मग तिथंच लवंडले. माहेरची झोप ती. कशी लागली कळलंसुद्धा नाही.

जाग आली ती ह्यांनी खांदा हलवल्यामुळं. "वैजू, बॅग कुठंय?"

मी उठून बसले. सोपा रिकामा. कोनाड्यात नाही, खुंटीला नाही. दार नुसतं लोटलेलं. "मावशी," म्हणून हाक मारली. ओ आली नाही. परसात बघितलं, चुलीपाशी बघितलं. मावशी घरात नव्हती.

"असेल इथंच कुठंतरी," मी म्हटलं.

"इथंच म्हणजे कुठं? एवढंसं तर घर आहे." ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सतरंजी उचलून झटकली, हंड्यांच्या मागं बघितलं, माझी सुटकेस उघडली. मग हे मधेच थांबले. "बबनदादा येऊन गेला का?"

"मला काय ठाऊक? मीपण झोपलेच होते की."

"सकाळी किंमत विचारत होता."

"दादा तसा नाही," मी म्हटलं.

"मी कुठं म्हणतो तसा आहे? पण बघायला काय हरकत आहे?" हे इकडंतिकडं बघत होते. आतल्या खोलीच्या भिंतीशी निळी पत्र्याची ट्रंक होती. "ही कुणाची?"

"दादाची."

आम्ही दोघंही त्या ट्रंकेकडे बघत उभे राहिलो. मग हे हळू आवाजात म्हणाले, "तू बघ. मी बघितलं तर वाईट दिसेल."

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, ते मी नंतर शंभरदा मनात म्हटलंय. आंघोळ करताना, भाजी चिरताना, कधीही. त्या वेळी मात्र माझ्या मनात भलतंच आलं. लाखाची वस्तू. दादाची होडी गळकी. माणसाला मोह काय सांगून होतो? ज्यानं मला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं त्याच्याबद्दल मी हा विचार केला. आणि वर असंही वाटलं की बॅग निघालीच, तर निदान ती ह्यांच्या हाताला न लागता माझ्या हाताला लागू दे. म्हणजे मी गुपचूप कुठंतरी ठेवून 'सापडली' म्हणेन, आणि माझ्या माहेरची अब्रू राहील.

ट्रंकेला कुलूप नव्हतं. मी झाकण उघडलं. वर दादाचे दोन सदरे, एक स्वेटर. खाली वहिनीची लुगडी. वहिनी दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती, आणि बाळही तिच्या मागोमाग गेलं होतं. लुगड्यांत डांबराच्या गोळ्या घातलेल्या. तिच्या बांगड्या एका रुमालात बांधलेल्या. त्याखाली मुलासाठी शिवलेली झबली, एकदाही न घातलेली. मी एकेक वस्तू काढली आणि जमिनीवर ठेवत गेले. तळाला वर्तमानपत्र अंथरलं होतं, तेसुद्धा उचलून बघितलं. एवढी मोठी बॅग कागदाखाली कशी मावेल? पण झडती घ्यायला बसलेल्या माणसाला अक्कल कुठली.

"काय हुडकतीस?"

मावशी दारात उभी होती. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात खणाची घडी. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघणार, म्हणून माझी ओटी भरायला ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून ते घेऊन आली होती. उन्हातून आल्यामुळं तिचा चेहरा लाल झाला होता.

मी हातातला कागद खाली ठेवला. हेच म्हणाले, "मावशी, बॅग दिसत नाहीये. म्हणून जरा बघत होतो."

मावशीनं ह्यांच्याकडे बघितलं. मग उघड्या ट्रंकेकडे, मग जमिनीवरच्या झबल्यांकडे. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. नारळ आणि खण देवापुढं ठेवला आणि कोपऱ्यातल्या कणगीकडे गेली. वरचं झाकण काढलं, बाही वर सारली आणि ज्वारीत खांद्यापर्यंत हात घातला. ज्वारी सरकल्याचा आवाज झाला. तिनं एक गाठोडं वर ओढलं. तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं ते. त्यात बॅग.

"तुमी दोगं झोपल्यालं," ती म्हणाली. "दार उघडं. नारळाला तर जायाचं हुतं. उठवायचं जिवावर आलं. लाखाची वस्तू म्हनला, म्हून हितं ठिवली. माजी बोरमाळबी हितंच असती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मला ते ठाऊक होतं. ह्यांना ठाऊक नव्हतं; ते शहरातले, त्यांनी कणगी बघितली ती त्याच दिवशी. पण मी त्या घरात वाढले होते. आमच्याकडे जे काही मोलाचं असेल ते कणगीत जातं. माझ्या आईच्या पाटल्या मावशीनं माझ्या लग्नापर्यंत त्याच ज्वारीत सांभाळल्या. लहानपणी खाऊ चोरायला मी पहिला हात घालायची तो कणगीतच. त्या दिवशी बॅग दिसेनाशी झाल्यावर मला कणगी आठवली नाही. मला दादाची ट्रंक आठवली.

हे बॅग घेऊन उजेडाला गेले होते. चेन उघडली. "अरे देवा. राख गेलीय आत."

ती बियाण्याची ज्वारी होती. किडे लागू नयेत म्हणून मावशी बियाणं राखेत घोळून ठेवायची. लुगड्यातून आणि चेनीच्या फटीतून राख झिरपली होती. ह्यांनी बॅगेतून छोटी रबरी फुंकणी काढली आणि लेन्सवर हवा मारायला लागले. फुस, फुस.

"मावशी, राख फार वाईट हो. काचेवर चरे पडतात," हे म्हणाले. रागानं म्हणाले असं नाही. काळजीनंच म्हणाले.

"चुकलं माजं," मावशी म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

मी तिथंच उभी होते. पंधरा वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती बाई माझ्या नवऱ्याची माफी मागत होती, आणि मला 'अहो, पुरे' एवढंसुद्धा म्हणता आलं नाही. मी खाली बसले आणि लुगडी, झबली आवरायला घेतली. एक घडी धड पडेना.

तेवढ्यात बाहेर दादाचा आवाज आला. "वैजे, दाजींना मासं आणल्यात बग. बर्फात घालून देतो, पुण्यापातूर टिकत्यात." असं म्हणत तो आत आला आणि थांबला.

कुणी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "मीच काडलीत रं ती लुगडी. ऊन द्याया. कसर लागती."

दादानं दाराकडे बघितलं. बाहेर उन्हं कलली होती, अंगणात सावली आली होती. मग त्यानं ह्यांच्या हातातली बॅग बघितली, त्यावरची राख बघितली, आणि माझ्या हातातलं झबलं बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माशांची पिशवी चुलीपाशी ठेवली, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि झबलं माझ्या हातातून घेतलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी लावतो."

त्यानं सगळं पहिल्यासारखं लावलं. बांगड्यांचा रुमाल मधे ठेवला, म्हणजे धक्का लागायला नको. मी जवळ बसून बघत होते.

मावशीनं माझी ओटी भरली. हळदीकुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ. मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सुखी ऱ्हा." आवाजात कुठं कडवटपणा नव्हता. तो असता तर मी रडू शकले असते.

दादा फाट्यापर्यंत सोडायला आला. सुटकेस त्यानं उचलली नाही. सकाळी होडीपाशी हात पुढं करणारा माणूस, सबंध वाटभर दोन्ही हात पाठीमागं धरून चालला. ह्यांनी गाडीत चढल्यावर "येतो हं, बबनदादा," म्हटलं. त्यानं मान हलवली. बर्फात घातलेले मासे त्यानं कंडक्टरच्या हाती दिले आणि कंडक्टरनं आमच्याकडे.

गाडी सुटल्यावर ह्यांनी बॅग मांडीवर घेतली, पट्टा मनगटाला गुंडाळला. मग म्हणाले, "गैरसमज झाला. होतं असं."

"हो," मी म्हटलं.

हे माणूस म्हणून वाईट नाहीत. मावशीला पुढं किती वेळा औषधं पाठवली, दादाच्या नव्या होडीच्या वेळी धावपळ केली. पण त्या दुपारचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही. काढला असता तर पहिला हात कुणी घातला हेही निघालं असतं. मावशीकडे आम्ही जात राहिलो. ती पोळ्या करायची, दादा मासे आणायचा. फक्त आमचं सामान ज्या खोलीत असेल त्या खोलीत दोघंही पाऊल टाकायचे नाहीत. काही लागलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून मला हाक मारायचे. मी म्हणायची, अगं, ये की आत. ती म्हणायची, "असू दे, हितं बरं हाय."

मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी मावशीला पुण्याला आणलं. आता ती फार थकली आहे. महिनाभर माझ्याकडे राहिली. तिचं मला सगळं करायला मिळालं, आंघोळ, डोळ्यांत थेंब, वेणी. मला वाटलं, फिटलं नाही तरी थोडं उतरलं असेल. निघायच्या सकाळी दादा तिला न्यायला आला आणि खाली गाडीपाशी थांबला. वर यायला नको म्हणाला. मी मावशीला स्वेटर घालायला गेले, तर ती दिवाणखान्यात फरशीवर बसलेली. पुढ्यात तिचं गाठोडं, सोडलेलं. दोन लुगडी, चोळ्या, चष्म्याची डबी, औषधं, मी दिलेली शाल. एकेक वस्तू उचलून झटकून ती बाजूला मांडत होती.

"मावशी, काय करतेस? काही राहिलं का?"

"न्हाई गं. बगून घे," ती म्हणाली.

"काय बघू?"

"काय नेती का तुमचं, ते. जाताना दाखवून गेल्यालं बरं." मग माझा चेहरा तिला नव्या डोळ्यानं दिसला असावा, कारण ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "राग न्हाई, बाय. तुमच्यात तशी पद्धत हाय न्हवं."

मी तिच्या पायाशी बसले. मावशी, असं नको गं, असं काहीतरी म्हणत होते, तिचे हात धरत होते. तिनं माझे हात हळूच बाजूला केले, चोळीची घडीसुद्धा उलगडून दाखवली आणि सगळं पुन्हा घड्या घालून ठेवलं. गाठोड्याची दोन टोकं तिच्या हातात होती.

"बांधू का?" तिनं विचारलं.

ती खरंच थांबली होती. खालून दादानं हॉर्न वाजवला तरी हलली नाही. मी "बांध" म्हटलं, तेव्हाच तिनं गाठ मारली.